पास होणे आणि प्रवेश मिळणे

1859 साली मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक झाली. परीक्षा विद्यापीठच घेई, त्यामुळे पास होणे हाच प्रवेश. त्या दारातून आत गेलेले महादेव गोविंद रानडे 1862च्या पहिल्या चार पदवीधरांत होते. स्वातंत्र्यानंतर परीक्षा बोर्डाकडे गेली. गुण देणारा एक, जागा देणारा दुसरा.

आज माणच्या आयटी पार्कशेजारून इंजिनिअरिंगला निघालेल्या मुलीला बारावीत ठरलेल्या तीन विषयांत मिळून 45 टक्के पुरतात, राखीव गटांना 40. रांग लागते ती सीईटीच्या पर्सेंटाइलवर, आणि क्लासची फी भरली जाते तीही त्याच रांगेसाठी. (पेढे मात्र अजून बारावीच्या निकालालाच.)

2021 मध्ये कोरोनामुळे बारावीची परीक्षाच रद्द झाली. दहावी, अकरावी आणि अंतर्गत गुण जोडून 99.63 टक्के निकाल लागला. सीईटी मात्र झाली.