प्राथमिक वर्ग व त्याचें ग्रंथ-कपाट : एक ऐतिहासिक समालोचन

परमेश्वराच्या कृपेनें आपला पॅरिश आज ज्युबिली-महोत्सवाचा मंगल दिवस पाहत आहे. अशा प्रसंगीं देवालयाची पायाभरणी, घंटा, वेदी व धर्मगुरूंची परंपरा यांचें स्मरण करणें उचितच होय. परंतु देवालयाच्या सावलींत उभी असलेली लहानशी शाळा बहुधा स्मरणाबाहेर राहते. वेदीपाशीं जी श्रद्धा पोसली गेली, तिला अक्षरांची जोड या शाळेनें दिली. प्रार्थना पाठ म्हणणारी एक पिढी होती. तिच्या पोटीं प्रार्थना वाचणारी पिढी आली, ती या शाळेमुळेंच. म्हणून लहान मुलांचा वर्ग कसा मांडावा, त्यांतील पुस्तकें कशीं सांभाळावीं, हा विचार ख्रिस्तसभेंत कसकसा वाढत गेला, याचें थोडक्यांत दिग्दर्शन करण्याचा या लेखाचा हेतु आहे.

गरीब मुलांना विनामूल्य शिकवावें, ही आज्ञा फार जुनी आहे. 1179 सालीं भरलेल्या तिसऱ्या लॅटरन परिषदेनें असें ठरविलें कीं, प्रत्येक कॅथीड्रलपाशीं एका शिक्षकाच्या निर्वाहाची तजवीज असावी व त्यानें धर्मसेवेच्या उमेदवारांस आणि गरीब विद्यार्थ्यांस मोफत शिकवावें. आज्ञा उत्तम होती. परंतु शिक्षक मिळाला तरी पुढें पन्नास मुलें बसलीं असतां त्यानें करावें काय, याचें उत्तर आज्ञेंत नव्हतें. पुढें 1654 सालीं पॅरिस येथें ‘पॅरिश-शाळा’ अशा अर्थाच्या नांवाचें एक फ्रेंच पुस्तक प्रसिद्ध झालें. त्याचे कर्ते बातँकूर नांवाचे एक धर्मगुरु होते. शाळेची जागा, तिचें सामान व तिचा दिनक्रम यांचा त्यांनीं बारकाईनें विचार केला. हीच वाट पुढें ज्यांनीं राजमार्ग केली, ते संत जॉन बॅप्टिस्ट दे ला साल होत.

दे ला साल यांचा जन्म फ्रान्समधील रीम्स शहरीं 30 एप्रिल 1651 रोजीं एका सधन कुळांत झाला. वयाच्या सोळाव्या वर्षींच ते तेथील कॅथीड्रलचे कॅनन झाले व 1678 सालीं त्यांना गुरुदीक्षा मिळाली. मानाची जागा, वडिलार्जित संपत्ति व विद्या हीं सर्व त्यांच्यापाशीं होतीं. गरिबांच्या शाळेशीं त्यांचा संबंध यावा असें कांहीं कारण नव्हतें. परंतु 1679 सालीं आद्रियां न्येल नांवाचे एक गृहस्थ गरीब मुलांसाठीं शाळा उघडण्याच्या हेतूनें रीम्स येथें आले, आणि त्यांना मदत करतां करतां दे ला साल या कार्यांत पुरते गुंतले. त्या काळचे शिक्षक स्वतःच अर्धवट शिकलेले व पोटापाण्याच्या विवंचनेंत असलेले असत. 1681 सालीं त्यांनीं या शिक्षकांस आपल्या राहत्या घरीं आणून ठेविलें. आप्तेष्टांस हें रुचलें नाहीं. 1683 सालीं त्यांनीं कॅननची जागा सोडली आणि पुढील दुष्काळांत आपली संपत्ति भुकेलेल्यांस वांटून टाकली. ज्यांना आपण दैवावर भरंवसा ठेवण्यास सांगतों, त्यांच्यासारखेंच निर्धन झाल्याखेरीज आपल्या शब्दास वजन येणार नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें. या शिक्षकांमधूनच ख्रिस्ती शाळांच्या बंधूंचा संघ उदयास आला.

त्या वेळीं शिकविण्याची सार्वत्रिक रीत अशी होती कीं, शिक्षकानें एकेका मुलास जवळ बोलवावें, कांहीं मिनिटें त्याचा पाठ घ्यावा व त्यास जागेवर पाठवून पुढच्यास हांक मारावी. एकाचा पाठ चालू असतां बाकीचीं मुलें रिकामीं बसत. आणि रिकामें बसलेलें मूल काय करितें, हें सांगावयास नको. शिवाय प्रत्येकाचें पुस्तक निराळें. कोणी घरांतील जुनी पोथी आणी, तर कोणी कांहींच आणीत नसे. दे ला साल यांच्या शाळांनीं समान पाठ असलेल्या मुलांचे गट केले आणि एका गटांतील सर्वांच्या हातीं एकच पुस्तक दिलें. एकानें मोठ्यानें वाचावें, इतरांनीं तीच ओळ हलक्या आवाजांत अनुसरावी. प्रत्येक पाठांत आरंभ करणारे, मध्यम व पूर्ण तयार असे तीन दर्जे असत, आणि तयारी पाहूनच मुलास वरच्या पाठांत चढवीत. ही पद्धति त्यांनीं एकट्यांनींच शोधून काढली असें नव्हे. तथापि ती व्यवस्थित नियमांत बांधून शेंकडों वर्गांत रूढ करण्याचें श्रेय त्यांच्या संघाकडे जातें.

बंधूंच्या अनुभवांतून सिद्ध झालेला ‘ख्रिस्ती शाळांचा आचार’ हा ग्रंथ 1706 च्या सुमारास हस्तलिखित रूपांत तयार होता व कर्त्याच्या मृत्यूनंतर 1720 सालीं आविन्यों येथें छापला गेला. शाळेंत सुव्यवस्था राखण्याचीं नऊ साधनें त्यांत सांगितलीं आहेत : शिक्षकाची दक्षता, खुणा, नोंदवह्या, बक्षिसें, शिक्षा, नियमित हजेरी, सुट्या, विद्यार्थ्यांतील कामकरी, आणि शेवटीं शाळेची इमारत व सामान. लांकडी बांकें हीं केवळ सुताराची बाब न मानतां शिक्षणाचें एक साधन म्हणून त्यांचा विचार केला गेला, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. बांकें मुलांच्या उंचीप्रमाणें लहानमोठीं असावीं. लिहिणाऱ्यांस मेजें निराळीं असावींत. अक्षरांचा व जोडाक्षरांचा तक्ता भिंतीवर सर्वांस दिसेल असा टांगावा. गणितासाठीं मोठा फळा असावा. शेजारील दोन वर्गांतील शिक्षकांस एकमेकांचे वर्ग दिसावेत. भिंतीवर क्रूसावरील ख्रिस्त, पवित्र मरिया, संत योसेफ व रक्षक देवदूत यांचीं चित्रें असावींत. शिक्षकानें फार बोलूं नये. हातांतील एका लहानशा साधनाच्या आवाजानें वाचनाची खूण करावी. जेथें शिक्षक कमी बोलतो तेथें मुलें अधिक वाचतात, हा त्यांतील मथितार्थ होय. त्या काळाप्रमाणें छडी वर्गांतून हद्दपार झाली नव्हती. पण शिक्षा क्वचितच व्हावी व रागाच्या भरांत कधींही होऊं नये, असा कडक निर्बंध होता.

कामकरी मुलांची योजना तर आजही अनुकरणीय आहे. प्रार्थना सांगणारा, घंटा वाजविणारा, किल्ली सांभाळणारा, झाडलोट करणारा, कागद वांटून परत गोळा करणारा, अशीं अनेक कामें मुलांकडेच सोंपविलेलीं असत. गैरहजर मुलांच्या घरीं जाऊन चौकशी करणारे विद्यार्थीही नेमलेले असत. सकाळची न्याहारी मुलें वर्गांतच करीत. ज्याच्यापाशीं भाकरी जास्त असेल त्यानें ती गरीब सोबत्यासाठीं द्यावी, अशी शिकवण होती. उत्तम हजेरी, अभ्यास व धर्माचरण यांबद्दल जीं बक्षिसें देत, त्यांत चित्रांबरोबर पुस्तकेंही असत. ज्या घरांत पूर्वीं एकही पुस्तक नव्हतें, त्या घरीं मुलाच्या हातून पहिलें पुस्तक जात असे. गरीब घरच्या ग्रंथालयाचा प्रारंभ तो हाच.

परंतु या सर्वांहून मोठा बदल भाषेचा होता. पूर्वीं मुलास प्रथम लॅटिन वाचावयास शिकवीत. दे ला साल यांनीं मातृभाषा फ्रेंच हीच पहिली केली आणि फ्रेंच उत्तम वाचतां येऊं लागल्यावरच लॅटिन स्तोत्रसंग्रह मुलाच्या हातीं दिला. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. गरिबाचें मूल शाळेंत फार दिवस राहत नाहीं. हाताला काम करण्याइतकें बळ आलें कीं आईबाप त्यास नेतात. जी भाषा त्यास समजत नाहीं ती अर्धीमुर्धी वाचून तें शाळा सोडील, तर त्याच्या पदरीं कांहींच पडणार नाहीं. जी भाषा तें बोलतें तींत वाचावयास आलें, तर धर्माचीं व व्यवहाराचीं पुस्तकें त्यास जन्मभर उघडीं राहतील. आणि दुसरी भाषाही मग लवकर साध्य होईल. या कार्याबद्दल त्यांना विरोधही पुष्कळ झाला. पॅरिसमधील पगारी लेखनशिक्षकांनीं त्यांच्यावर दावे लावले. 7 एप्रिल 1719 रोजीं, शुभ शुक्रवारीं, रुआँ येथें त्यांनीं देह ठेविला. 1900 सालीं पोप लिओ तेरावे यांनीं त्यांना संतपद दिलें व 1950 सालीं पोप पायस बारावे यांनीं त्यांना सर्व शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. आपल्याकडील पंतोजींच्या शाळेंत धूळपाटीवर बोटानें अक्षर गिरवीत, बोरूनें कित्ता काढीत आणि पावकी, निमकी, पाऊणकी एका सुरांत म्हणत. रोमचे प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले यांनीं 1623 सालीं गोव्याहून कानडी मुलुखांत जातांना कांहीं मुलें जमिनीवर वाळू पसरून, गात गात, एकमेकांच्या साहाय्यानें हिशेब शिकतांना पाहिलीं व त्याचें कौतुकानें वर्णन केलें. पुढें अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रास येथील अनाथ मुलांच्या शाळेंत डॉ. अँड्र्यू बेल यांनीं वाळूवर लिहिण्याची हीच देशी रीत उचलली, मुलांकडून मुलांस शिकविण्याची पद्धति चालविली आणि 1797 सालीं ती इंग्लंडांत प्रसिद्ध केली. म्हणजे फळा व बांकें नव्हतीं तेथेंही शिक्षणाची व्यवस्था होती. उणीव होती ती छापील पुस्तकाची.

ती उणीव आपल्या भाषेंत भरून काढण्याचा फार मोठा यत्न एका धर्मगुरूनें केला. 1579 सालीं गोव्यास आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’ 1616 सालीं राशोल येथें छापलें गेलें. लोकांस समजेल त्याच भाषेंत व त्यांना प्रिय असलेल्या ओवी छंदांत त्यांनीं ख्रिस्तचरित्र सांगितलें. पण दुर्दैवाचा खेळ असा कीं, जून 1684 मध्यें गोव्याच्या व्हाइसरॉयनें स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज भाषा स्वीकारावी असा हुकूम काढला. ज्या सुमारास रीम्स येथें एक धर्मगुरु गरीब मुलांना त्यांची मातृभाषा परत देत होता, त्याच सुमारास गोव्यांत राज्यकर्ते ती काढून घेऊं पाहत होते. हुकूम निघाले तरी घरांतील बोली मेली नाहीं. परंतु त्या बोलींतील वाचनाची व लेखनाची परंपरा मात्र दीर्घकाळ क्षीण झाली.

एकोणिसाव्या शतकांत केरळांत संत कुरियाकोस एलियास चावरा यांनीं पुन्हां तीच ज्योत लावली. 1846 सालीं त्यांनीं मान्नानम येथें संस्कृत शाळा व छापखाना काढला आणि 1864 सालीं, व्हिकर जनरल या नात्यानें, प्रत्येक चर्चबरोबर एक शाळा असावी असा आदेश दिला. गरीब मुलांच्या अन्नाचीही त्यांनीं काळजी वाहिली. 2014 सालीं त्यांना संतपद मिळालें. शाळा व छापखाना एकाच वेळीं कां, याचें उत्तर उघड आहे : वाचावयास शिकवून वाचावयास कांहीं न देणें म्हणजे भूक लावून ताट काढून घेणें होय.

येथें ग्रंथ-कपाटाचा विचार येतो. मध्ययुगीन ग्रंथालयांत पुस्तकें सांखळीनें बांधून ठेवीत, कारण तीं दुर्मिळ व मोलाचीं होतीं. आज सांखळी गेली, पण पुष्कळ शाळांतून कुलूप राहिलें. मद्रासचे थोर ग्रंथपाल डॉ. रंगनाथन यांनीं 1931 सालीं ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें मांडलीं. त्यांतील पहिल्याचा आशय हाच कीं, पुस्तकें उपयोगासाठीं आहेत, सांठविण्यासाठीं नव्हेत. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानेंही प्रत्येक शाळेंत वर्तमानपत्रें, मासिकें व गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावें असें सांगितलें आहे. त्यासाठीं निराळी इमारत लागत नाहीं. वर्गाच्या एका कोपऱ्यांत, उजेडाच्या बाजूस पण भिंतीच्या ओलीपासून दूर, मुलाचा हात पोंचेल एवढ्या उंचीचें एक कपाट पुरें आहे. खालच्या फळीवर चित्रांचीं, मधल्या फळीवर गोष्टींचीं, वरच्या फळीवर चरित्रांचीं व माहितीचीं पुस्तकें असावींत. प्रत्येक पुस्तकास क्रमांक द्यावा. एका वहींत पुस्तकाचें नांव, नेणाऱ्याचें नांव व परतीची तारीख लिहावी. आणि ही वही शिक्षकानें न ठेवतां आळीपाळीनें मुलांनींच ठेवावी. पावसाळा सरल्यावर पुस्तकांस वारा द्यावा, कसर लागूं नये म्हणून कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवावा, फाटलेलें पान खळीनें चिकटविण्यास मुलांस शिकवावें. जें मूल स्वतःच्या हातानें पुस्तक दुरुस्त करितें, तें सहसा पुस्तक फाडीत नाहीं. एखादें पुस्तक हरवलें तर त्यासाठीं सारें कपाट बंद करूं नये. न वाचतां शाबूत राहिलेल्या शंभर पुस्तकांपेक्षां वाचून झिजलेलीं दहा बरीं.

बंधुभगिनींनो, हा इतिहास केवळ महोत्सवापुरता उजळावयाचा नाहीं. आज आपल्या समाजांत मराठी शाळांतील बांकें रिकामीं होत चाललीं आहेत. मुलांच्या उत्कर्षासाठीं आईबाप इंग्रजी शाळा पसंत करितात. त्यांचा हेतु शुद्ध आहे व त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. इंग्रजी अवश्य यावी. परंतु ज्या भाषेंत आजी रोझरी म्हणते, ज्या भाषेंत आपण मिस्सेंत उत्तरें देतों, त्या भाषेंतील पान जर आपल्या मुलास वाचतां आलें नाहीं, तर पुढच्या ज्युबिलीचा असा ग्रंथ कोण वाचणार? शाळा कोणत्याही माध्यमाची असो, घराघरांत व धर्मशिक्षणाच्या प्रत्येक वर्गांत मराठी पुस्तकांचें एक लहान कपाट ठेवणें आपल्या हातीं आहे. बाप्तिस्मा, प्रथम कम्युनियन व लग्न यांच्या समारंभांत आपण पुष्कळ खर्च करितों. त्यांतून एकेक पुस्तक जरी त्या कपाटास अर्पण केलें, तरी थोड्या वर्षांत तें भरून जाईल.

दे ला साल यांनीं कॅननचें आसन सोडून मुलांच्या बांकाजवळची जागा पत्करली. तेवढा त्याग आपणांकडून कोणी मागत नाहीं. मुलाच्या शेजारीं बसून रोज एक पान ऐकणें, एवढेंच मागणें आहे. ज्या प्रभूनें बालकांस आपणाजवळ येऊं दिलें, तोच आपल्या पॅरिशमधील बालकांस सद्‌बुद्धि, सद्विद्या व सद्ग्रंथांची गोडी देवो, हीच या महोत्सवप्रसंगीं नम्र प्रार्थना. आमेन.