कुमारागार : वाढत्या मुलाच्या जागेचा इतिहास

देवालये, राजवाडे आणि किल्ले यांच्या बांधणीविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. घरातले मूल कोठे निजत असे, ते वाढू लागले म्हणजे त्याची जागा कशी बदलत असे, हा प्रश्न मात्र क्षुल्लक मानला गेला. आम्हीही तो क्षुल्लकच मानीत होतो. परंतु काही वर्षांपूर्वी एका जुन्या घराच्या इन्व्हेंतारचे, म्हणजे मयताच्या मिळकतीची याद करून वारसांत वाटणी करण्याचे, काम आमच्याकडे आले. समया, हंडे, पेटारे, एक शिसवी पाळणा, सोप्यावरील मेज अशा वस्तू एकेक करून लिहिल्या जात होत्या. तेव्हा माहेरी आलेली वडील बहीण शांतपणे म्हणाली, “पाळणा आम्हां सगळ्यांचा. मेज भावांचे. ह्या घरात माझी म्हणून जागा कोणती होती, तेही लिहा.” यादीत तसा रकाना नव्हता. प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

मुलासाठी वेगळी खोली ही पाश्चात्त्यांची कल्पना आहे, असा सर्वसाधारण समज दिसतो. तो बरोबर नाही. सुमारे दोन सहस्र वर्षे जुन्या चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, ‘कुमारागारा’चा स्वतंत्र विचार आहे. ही खोली वास्तुविद्या जाणणाऱ्याने बांधावी. ती मजबूत, रम्य व उजेडाची असावी. सोसाट्याचा वारा आत येऊ नये, पण एका बाजूने हवा खेळती राहावी. उंदीर, कीटक व हिंस्र जनावरे यांचा शिरकाव तेथे नसावा. पाणी, स्नान, मलमूत्रविसर्जन आणि स्वयंपाक यांच्या जागा नीट योजलेल्या असाव्यात, असे चरक सांगतो. अंथरूण, पांघरूण व आसन ऋतुमानाप्रमाणे बदलावे, मळलेली वस्त्रे टाकावी आणि तसे करणे शक्य नसेल तर धुऊन, धुरी देऊन, वाळवून मगच वापरावी, असाही त्याचा आग्रह आहे. खेळणी चित्रविचित्र व वाजणारी असावीत. परंतु ती जड, टोकदार, तोंडात जाणारी किंवा भीती उत्पन्न करणारी नसावीत. रडणाऱ्या मुलाला राक्षस-पिशाचांची नावे घेऊन भिववू नये, हेही त्याने बजावले आहे. आजच्या एखाद्या बालरोगतज्ज्ञाने यात फारसे काही सुधारावे असे आम्हांस वाटत नाही.

मूल वाढते तशी त्याची मर्यादाही बदलते, ही जाणीव प्राचीनांना होती. मुलाला फार लवकर बसवू नये, पाठीला बाक येतो, असे सुश्रुत सांगतो. मनुस्मृतीने चौथ्या महिन्यात निष्क्रमण, सहाव्यात अन्नप्राशन, पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षी चौल अशा पायऱ्या घातल्या आहेत. निष्क्रमण म्हणजे मुलाने घराचा उंबरठा प्रथम ओलांडणे. चार महिने खोली हेच ज्याचे विश्व, त्याला त्या दिवशी अंगण मिळते. संस्काराकडे आपण विधी म्हणून पाहतो, परंतु प्रत्येक संस्कार हा मुलाच्या जागेतला पालटही आहे. मात्र त्याच स्मृतीने मुलींचे संस्कार मंत्रांविना करावयास सांगितले आणि उपनयनाच्या ठिकाणी विवाह ठेवला. मुलाची पुढची पायरी गुरुगृह, तर मुलीची सासर, असा तो भेद होता.

ग्रंथ एक सांगतो आणि घर दुसरेच करते, हा इतिहासाचा नेहमीचा अनुभव आहे. चरकाने कुमारागारात काळोख वर्ज्य केला. आमच्या जुन्या घरांतली बाळंतिणीची खोली बहुधा घरातली सर्वांत काळोखी खोली असे. खिडकी असली तर ती बंद, कोनाड्यात पणती, खाटेखाली शेगडी. वस्त्रांसाठी सांगितलेली धुरी तेवढी आपण सांभाळली, उजेड आणि हवा मात्र विसरलो.

तरीही ह्या घरांनी एक गोष्ट फार चांगली साधली होती. मुलाला खोली नव्हती, पण वयाप्रमाणे पालटणारी जागा होती. पाळण्यातून ते आजीच्या वाकळीवर माजघरात येई. चालू लागले की राजांगणातली तुळस त्याच्या प्रदक्षिणेचे केंद्र होई. अक्षरओळख झाली की ओसरी त्याची. ज्या घरांत मुंजीची चाल होती तेथे आठव्या वर्षानंतर तो सोप्यावर वडीलमंडळींच्या पंक्तीला बसे, तेथेच निजे, आणि भिंतीतली एखादी फळी त्याच्या पोथ्या-पुस्तकांसाठी मोकळी करून दिली जाई. भिंत न पाडता, सामान न बदलता घर मुलाबरोबर वाढत असे. मुलीची जागा मात्र माजघरातून स्वयंपाकघराकडे सरके आणि तेथेच थांबे. तिच्या नावाची फळी आम्ही क्वचितच पाहिली.

येथे कायद्याची गोष्ट सांगणे आमच्या व्यवसायाला धरून होईल. १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता गोव्यात १८७० साली लागू झाली, आणि तिने वारसाहक्कात मुलगा-मुलगी असा भेद ठेवला नाही. गोव्याच्या २०१२ च्या वारसाहक्क कायद्यातही तेच तत्त्व कायम आहे. म्हणजे दीड शतकाहून अधिक काळ ज्या घरात मुलीचा वाटा कायद्याने बरोबरीचा आहे, त्याच घरात तिला एक कोनाडा मिळत नव्हता. कायदा आईबापांच्या मृत्यूनंतर बोलतो. बालपणीची जागा आईबापांनीच जिवंतपणी द्यावयाची असते.

वय पायऱ्यांनी वाढते, हे दंडविधानासही मान्य आहे. सात वर्षांखालील मुलाचे कृत्य गुन्हा ठरत नाही, आणि सात ते बारा या वयात त्याची समज पाहिली जाते. १८६० च्या संहितेतील ही तरतूद २०२३ च्या भारतीय न्याय संहितेनेही तशीच ठेवली आहे.

गेल्या शतकात ह्या पायऱ्यांची दखल घेणारे लोक दुसऱ्या वाटेने आले. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो भागात मारिया माँटेसरी यांनी बालगृह उघडले आणि मुलांना स्वतः उचलता येतील अशा हलक्या, ठेंगण्या मेज-खुर्च्या तेथे ठेवल्या. आपल्याकडे गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. पुढे ताराबाई व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडास, गावात सहज मिळणाऱ्या वस्तूंतून बालशिक्षणाचे साहित्य उभे केले. मुलाच्या उंचीवर येण्यास पैसा लागत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. १९७२ साली नॉर्वेतील पीटर ओप्सविक यांनी एक लाकडी खुर्ची आखली. तिची बैठक आणि पाय ठेवण्याची फळी खाचांतून वरखाली सरकते, आणि लहानग्याची खुर्ची मोठेपणीही उपयोगी पडते. आमच्या सोप्यावरल्या फळीचीच ही धाकटी बहीण म्हणावयाची.

आज सोपा गेला, राजांगण गेले. सदनिकेत एक खोली ‘मुलांची’ म्हणून राखली जाते. ती सजवताना पुष्कळ पालक तीन वर्षांच्या बालकाला कायमचे तीन वर्षांचे समजतात. भिंतीत जखडलेली कपाटे आणि चित्रांनी मढवलेला लहानसा पलंग पाच वर्षांत निरुपयोगी होतो. आमची सूचना साधी आहे. पलंग आरंभीच पुरत्या लांबीचा घ्यावा, पण ठेंगणा असावा. फळ्या खाचांवर बसवाव्यात, म्हणजे मुलाच्या हाताबरोबर त्या वर जातील. खुंटी त्याला पोचेल अशी ठोकावी आणि दर दोन वर्षांनी वर सरकवावी. जमिनीचा मधला भाग मोकळा ठेवावा. आज तेथे खेळ मांडला जाईल, उद्या मेज येईल. खिडकीचा उजेड आधी त्याच्या अंथरुणाला, मग त्याच्या पुस्तकाला मिळावा. आणि आजी घरात असेल तर तिच्या अंथरुणापासून ही खोली फार दूर नसावी.

भाऊ आणि बहीण एकाच खोलीत वाढत असतील तर तिची फळी त्याच्या फळीएवढीच लांब असावी, एवढेच आम्ही शेवटी सुचवू. त्या इन्व्हेंतारमध्ये पाळणा बहिणीने मागून घेतला. भावांनी हरकत घेतली नाही. त्याची किंमत अल्पच लागली होती.