मोठा मंजनीक की छोटा?

क्लॅश रोयाल हा कार्डे वापरून खेळायचा मोबाईल गेम. मी ज्या मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यांतल्या बऱ्याच जणांना तो पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त पाठ आहे. त्यात वेढा घालण्याची दोन यंत्रे आहेत, एक्स-बो आणि मॉर्टर. दोन्ही आपल्या हद्दीत मांडायची आणि लांबूनच समोरच्याचा बुरूज पाडायचा. काम जवळजवळ एकच, मग घ्यायचे कोणते, यावर मधल्या सुट्टीत जोरदार वाद होतो. एक्स-बोला 6 एलिक्सिर लागते, मॉर्टरला 4. साठा जास्तीत जास्त 10 चा. म्हणजे एक्स-बो मांडला की त्याच्या राखणीला 4 उरतात आणि मॉर्टर मांडला की 6. (एलिक्सिर मूळचे अरबी, अल-इक्सीर. मराठीत आपण ‘अक्सीर इलाज’ म्हणतो, तो हाच शब्द.)

हा वाद मुलांना नवा वाटतो, पण इतिहासात तो खऱ्या यंत्रांवरून झालेला आहे. बाराव्या शतकात अल-तर्सूसी नावाच्या लेखकाने सुलतान सलाहुद्दीनसाठी शस्त्रांवर एक अरबी ग्रंथ लिहिला. त्यात मंजनीकांचे प्रकार दिले आहेत. मंजनीक म्हणजे लाकडी चौकटीवर बसवलेली अजस्र गोफण. लांब तुळईच्या एका टोकाला दगडाची झोळी असते. दुसरे टोक दोरांनी माणसे खाली ओढतात, किंवा तिथे जड वजन टांगलेले असते. टोक खाली गेले की दगड सुटतो. तर्सूसीच्या मते अरबी मंजनीक सर्वांत भरवशाचा, तर तुर्की बनवायला सोपा आणि कमी साहित्यात होणारा. फिरंगी प्रकाराचेही वर्णन तो करतो. आठशे वर्षांपूर्वीच्या या पुस्तकात ‘सर्वांत ताकदवान कोणता’ एवढाच प्रश्न नाही. भरवसा किती, खर्च किती, मेहनत किती, हेही तो मोजतो.

या निवडीचा खरा कस लागला तो 1291 मध्ये (690 हिजरी), अक्का शहरापुढे. युरोपियन पुस्तकांत याच शहराला एकर म्हणतात. आज ते इस्रायलच्या किनाऱ्यावर आहे. क्रुसेडरांच्या हाती उरलेले हे सर्वांत मोठे ठाणे. एका बाजूला समुद्र, जमिनीकडून दुहेरी तट. इजिप्तचा ममलूक सुलतान अल-अश्रफ खलील याने एप्रिलमध्ये वेढा घातला. त्याच्याकडे वजनाचे प्रचंड मंजनीक होते, आणि त्यांना नावे होती. एकाचे नाव मन्सूरी, दुसऱ्याचे गजबान, म्हणजे संतापलेला.

मन्सूरी अक्कापर्यंत कसा आला, हे लिहून ठेवणारा माणूस त्या तांड्यातच होता. अबुल फिदा, हमाच्या राजघराण्यातला अठराएक वर्षांचा तरुण, जो पुढे मोठा इतिहासकार आणि भूगोलतज्ज्ञ झाला. मंजनीकाचे सुटे भाग हिस्न अल-अक्राद या किल्ल्यावरून 100 गाड्यांवर लादले होते. त्यांतली एक गाडी अबुल फिदाच्या जिम्मेदारीत होती. हिवाळा संपत आलेला, वर पाऊस आणि बर्फ. थंडीने बैल खंगले आणि मरू लागले. घोड्यावरून आठ दिवसांची ती वाट गाड्यांना एक महिन्याची झाली. गेममध्ये जे ‘6 एलिक्सिर’ एका बोटाने खर्च होते, ते प्रत्यक्षात असे असते: शंभर गाड्या, मेलेले बैल, महिनाभर चिखल.

छोट्या मंजनीकांना तुर्कीत ‘करा बुगा’ म्हणत, म्हणजे काळा बैल. हे माणसे दोर ओढून चालवत. दगड लहान, पण मारा भराभर. यांच्याबद्दलची साक्ष तटाच्या आतून मिळते. टेम्पलर या ख्रिस्ती लढवय्या पंथाच्या प्रमुखाचा चिटणीस तेव्हा शहरात होता, आणि त्याचा वृत्तांत फ्रेंचमध्ये उपलब्ध आहे. तो म्हणतो, मोठ्या यंत्रांपेक्षा या छोट्यांनीच आमच्या माणसांचे जास्त नुकसान केले, कारण ती जिथे मारा करत तिथे उघड्यावर यायची कुणाची छाती होत नसे.

इथे निवडीचे उत्तर सापडते. मोठा मंजनीक तटासाठी, छोटा तटावरच्या माणसासाठी. आणि दोघांच्या आडोशाने तिसरेच लोक काम करत होते, ते म्हणजे सुरुंग खणणारे. तटावरून खाली वाकून पाहणे अशक्य झाले, की पायथ्याशी खणणाऱ्याला उसंत मिळते. अक्काचे बुरूज मुख्यतः या सुरुंगांनी खचले. 18 मे रोजी सैन्य शहरात घुसले. एकट्या मन्सूरीचे किंवा एकट्या काळ्या बैलाचे हे यश नाही. म्हणून ‘कोणते कार्ड चांगले’ याआधी विचारायचे, की हातात बाकी कार्डे कोणती आहेत आणि समोर पाडायचे काय आहे.

डावपेच इथे संपतात, इतिहास संपत नाही. शहरात घुसल्यावर मोठी कत्तल झाली. स्त्रिया आणि मुले गुलाम म्हणून नेली गेली. टेम्पलरांचा बालेकिल्ला आणखी दहा दिवस लढला. 28 मेला तो कोसळला, तेव्हा आतल्यांबरोबर चढाई करणारे सैनिकही ढिगाऱ्याखाली गेले.

या प्रसंगावर आपल्यातले काही जण लगेच म्हणतात की हा 1191 चा हिशेब होता. त्या वर्षी इंग्लंडचा राजा रिचर्ड याने अक्का जिंकल्यावर सुमारे 2,700 मुस्लीम कैद्यांना ठार केले, हे खरे आहे. पण मधली शंभर वर्षे पाहा. 1291 च्या अक्कात ज्या बायकांना दोरीने बांधून नेले, त्यांच्या आज्याही 1191 मध्ये जन्मल्या नसतील. आणि हिशेबच मांडायचा तर 1187 पण मांडावे लागेल. सलाहुद्दीनने हेच अक्का घेतले, तेव्हा शहर शरण आले आणि लोकांना सामानसुमान घेऊन जाऊ दिले. त्या वर्षाची गोष्ट आपण फार सांगत नाही, कारण तिच्यात पडलेला तट नाही.

1191 च्या वेढ्यातही यंत्रांना नावे होती. फ्रान्सच्या राजाच्या यंत्राचे नाव ‘वाईट शेजारी’, आणि त्याला आतून उत्तर देणाऱ्या मुस्लीम यंत्राला क्रुसेडर म्हणत ‘वाईट भाऊबंद’. शेजारी आणि भाऊबंद, दोन्ही नात्यांची नावे. तटाच्या दोन्ही बाजूंना माणसेच आहेत, हे दगड फेकणाऱ्यांना चांगले ठाऊक होते.

मुलांनी गेम खेळू नये असे माझे म्हणणे नाही. अंतर, खर्च आणि राखण यांचा जो विचार ते तीन मिनिटांत करतात, तो अल-तर्सूसीला पटला असता. मात्र गेमच्या बुरुजात खरी माणसे नसतात, अक्काच्या बुरुजांत होती. वेढ्याचा इतिहास शिकवताना यंत्राचे नाव, गाड्यांची संख्या आणि आतल्या माणसांचे पुढे काय झाले, ही तिन्ही एकाच तासात सांगितली पाहिजेत. शहर कुणीही जिंकलेले असो.