काँगरी राष्ट्रीय उद्यान

काँगरी राष्ट्रीय उद्यान : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील दक्षिण कॅरोलायना राज्यातील संरक्षित पूरमैदानी वन. राजधानी कोलंबियाच्या आग्नेयीस सु. ३० किमी.वर, काँगरी नदीच्या उत्तर तीरावर ते पसरले आहे. क्षेत्रफळ सु. १०,८०० हेक्टर. कोलंबियाजवळ ब्रॉड व सलूडा यांच्या संगमातून काँगरी नदी तयार होते.

वर्षातून सरासरी दहा वेळा नदीचे पाणी या वनात शिरते, पसरते आणि गाळ ठेवून ओसरते. वर्षभर पाणी साचून राहत नसल्याने याला दलदल म्हणणे चूक आहे. या गाळावरच टुपेलो, बाल्ड सायप्रस, ओक व लॉबलॉली पाइन पोसले आहेत. पाइन ५० मी.पर्यंत उंच आढळतो. सायप्रसचा बुंधा तळाशी फुगलेला असतो आणि भोवती चिखलातून मुळांचे कोंब वर येतात. त्यांना ‘गुडघे’ म्हणतात.

इतिहास : काँगरी या मूळ रहिवासी जमातीवरून नदीला नाव पडले. इंग्रज प्रवासी जॉन लॉसन १७०१ मध्ये या जमातीत येऊन गेला, तेव्हाच देवीच्या साथीने ती खंगली होती. पुढे मळेवाल्यांच्या गुलामांकडून येथे बांध आणि पुरात गुरे उभी करण्यासाठी मातीचे उंचवटे घालून घेण्यात आले. त्यांचे अवशेष आजही दिसतात. पळून आलेल्या गुलामांनी याच वनाच्या आतल्या भागात आसरा घेतला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकागोचा लाकूड व्यापारी फ्रान्सिस बाइडलर याच्या कंपनीने ही जमीन घेतली. सायप्रस आधी साल काढून उभेच वाळवावे लागे, कारण ओले ओंडके पाण्यात बुडत. शिवाय चिखलात गाडीवाट टिकत नसे. तोड नदीकाठापुरती राहिली आणि १९१५ च्या सुमारास थांबली. आग्नेय अमेरिकेतील अशी बहुतेक वने कापली गेली. हे वन मात्र पुरामुळे वाचले.

१९५० च्या दशकात ‘द स्टेट’ या वृत्तपत्राचे संपादक हॅरी हॅम्प्टन यांनी संरक्षणाची मागणी लावून धरली. १९६९ मध्ये लाकडाचे भाव चढल्याने तोड पुन्हा सुरू झाली, तेव्हा नागरिकांनी चळवळ उभारली. १८ ऑक्टोबर १९७६ रोजी राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. १९८३ मध्ये यूनेस्कोने जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली. १९८९ च्या ह्यूगो चक्रीवादळात अनेक विक्रमी वृक्ष पडले. १० नोव्हेंबर २००३ रोजी राष्ट्रीय उद्यान झाले आणि नावातील ‘दलदल’ हा शब्द वगळण्यात आला.

पर्यटन : हॅम्प्टन यांच्या नावाच्या माहिती केंद्रापासून सु. ४ किमी. लांबीची लाकडी पायवाट निघते. तिचा सखल भाग पुरात बुडतो. म्हणून निघण्यापूर्वी नदीची पातळी पाहावी. सीडर क्रीकवर सु. २४ किमी.चा होडीमार्ग आहे. केंद्रात डासांचे प्रमाण सांगणारी सहा टप्प्यांची तबकडी असून तिचे शेवटचे टोक ‘रणांगण’ आहे. मेच्या मध्यापासून जूनपर्यंत काजवे एकाच तालात लुकलुकतात. त्या रात्रींसाठी प्रवेश सोडतीने मिळतो. पुराच्या खुणा मात्र केव्हाही दिसतात : बुंध्यावर कंबरेच्या वर गाळाची फिकट रेषा असते, आणि पाणी किती चढले होते हे ती सांगते.

प्रवेशशुल्क नाही. २०१८ मध्ये सु. १,४५,००० पर्यटक आले.