अंगणांतील हिरवळ : उगवलेली आणि अंथरलेली

घराच्या दारापुढील जागेचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. राजवाडे, किल्ले, देवालयें यांचीं वर्णनें बखरींतून व दप्तरांतून पुष्कळ सांपडतात. परंतु उंबरठ्याबाहेर दहा पावलांत काय होतें, हें विचारण्याचें कोणास सुचत नाहीं. वास्तविक पाण्याशीं व मातीशीं एखाद्या समाजाचें नातें कसें होतें, हें त्या दहा पावलांत जितकें स्पष्ट उमटतें तितकें दिवाणखान्यांत उमटत नाहीं. ह्या जागेवर अलीकडे एक नवी वस्तु येऊन पसरली आहे. ती म्हणजे कृत्रिम गवत. पुण्यामुंबईच्या सदनिकांच्या सज्ज्यांत तें आलें तेव्हां कोणास नवल वाटलें नाहीं. परंतु आतां तें अहमदनगर, म्हणजे सांप्रतच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, कोल्हारसारख्या उसाच्या मळ्यांनीं वेढलेल्या गांवांच्या वाटेवरील नव्या बंगल्यांपुढेंही दिसूं लागलें आहे. जेथें चोहोंकडे खरें हिरवें रान आहे तेथें प्लास्टिकचें हिरवें कां लागावें? हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा असता तर आम्हीं लेखणी उचलली नसती. तो मुळांत पाण्याचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच त्याचा निवाडा घाईनें करितां येत नाहीं.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हिरवें अंगण ही आमची जुनी परंपरा होती आणि प्लास्टिकनें ती बुडविली, असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. देशावरील घराचें अंगण हिरवें नव्हतेंच. तें सारवलेलें होतें. पहांटे शेणाचा सडा, त्यावर रांगोळी, मध्यें तुळशीवृंदावन, कडेला जाईजुईचा एखादा वेल. ह्या जागेवर धान्य वाळे, पापड-कुरडया वाळत, उन्हाळ्यांत रात्रीं बाजा पडत. दारापुढें गवत माजलें म्हणजे त्या घराला माणूस उरला नाहीं असें लोक समजत. शिवाय गवत म्हणजे विंचू-साप हें भय होतेंच. हिरवेपणा असे तो घरामागें, परसांत. मोरीचें सांडपाणी जेथें जाई तेथें केळ, अळू, कर्दळ हीं वाढत. म्हणजे अंगण पाणी मागत नव्हतें, आणि परसू वापरून झालेल्या पाण्यावर जगत होतें. ज्या प्रदेशांत पाऊस चार महिने व तोही बेभरंवशाचा, तेथील गृहिणींनीं शेंकडों वर्षांच्या अनुभवानें बसविलेली ही व्यवस्था होती.

गवताचें मात्र आम्हांस वावडें नव्हतें. ज्या गवताला आपण दूर्वा म्हणून गणपतीच्या मस्तकावर वाहतों, तेंच शेतांत हरळी या नांवानें शेतकऱ्याचा वैरी ठरतें. हरळीचीं मुळें काळ्या जमिनींत खोल जातात; नांगरून, वेंचून, उन्हांत वाळवूनही एखादें पेर राहिलेंच तर पुढल्या पावसांत तें पुन्हा पसरतें. एकाच वनस्पतीस देवघरांत मान व शेतांत कुदळ, हा विरोध नव्हे. प्रत्येक गोष्टीस तिची जागा असते, एवढाच त्याचा अर्थ.

राजेलोकांच्या बागा पाहिल्या तरी हेंच दिसतें. नगरच्या निजामशहांनीं बागांचा मोठा षोक केला. मुर्तझा निजामशहाच्या कारकीर्दींत, १५८३ मध्यें पुरा झालेला फराहबाग आजही नगरच्या आग्नेयेस भग्नावस्थेंत उभा आहे. तलावाच्या मध्यभागीं महाल आणि त्या तलावासाठीं दूरवरून नळांनीं आणलेलें पाणी, हें त्याचें वैभव. अशा बागांचा प्राण पाणी, सावली आणि फळझाडें यांत होता. कापून सारखें केलेलें गवत ही त्यांतील शोभेची वस्तु नव्हती. पुण्याचा सारसबाग घ्या. पेशव्यांच्या काळीं तें तळें होतें व गणपति तळ्यांतील बेटावर होता; विसाव्या शतकांत तळें जाऊन बाग झाली, आणि आज पुणेकर ज्या विस्तीर्ण हिरवळीवर बसतात ती पेशवाईची नसून अगदीं अलीकडची आहे.

मग ही हिरवळ आली कोठून? ती विलायतेहून आली. इंग्लंडांत पाऊस बारा महिने थोडाथोडा पडतो व ऊन सौम्य असतें. तेथें गवत आपोआप हिरवें राहतें, त्याला केवळ कापावें लागतें. हें कापण्याचें यंत्र ग्लॉस्टरशायरमधील एडविन बडिंग यानें काढलें व १८३० मध्यें त्याचें पेटंट घेतलें. लोंकरीच्या कापडावरील लव सारखी कापण्याचें यंत्र गिरणींत पाहून त्याला ही कल्पना सुचली. कापडाच्या गिरणींतून गवत कापण्याचें यंत्र निघालें; पुढें सव्वाशें वर्षांनीं धागे तयार करणाऱ्या कारखान्यांतून गवतच निघालें. इंग्रज अधिकारी हिंदुस्थानांत आला तेव्हां त्यानें ही हिरवळ आपल्या बंगल्यापुढें, जिमखान्यावर व छावणींत आणली. येथील वैशाखांत ती जगविण्यास माळी, भिस्ती व विहीर लागे. पण तीच गोष्ट ऐश्वर्याची खूण ठरली. साहेब गेला, हिरवळ राहिली. आज आमच्या जिल्ह्यांत लग्नकार्याच्या जागेला ‘लॉन्स’ असेंच नांव पडलें आहे, आणि पत्रिकेंत तें छापलें म्हणजे वधूपित्याच्या ऐपतीविषयीं वेगळें लिहावें लागत नाहीं.

आतां कोल्हारकडे वळूं. प्रवरेच्या डाव्या तीरावर कोल्हार बुद्रुक व भगवतीपूर, उजव्या तीरावर कोल्हार खुर्द, आणि मधून नगर-मनमाड रस्त्याचा पूल, अशी ह्या गांवाची रचना आहे. प्रवरेचा उगम जेथें आहे त्या अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकास, घाटघर-रतनवाडीच्या परिसरांत, वर्षाला कित्येक हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तीच नदी पूर्वेस कोल्हारपर्यंत येते तों पाऊस सुमारें पांचशे मिलिमीटरवर उतरलेला असतो. म्हणजे येथील हिरवेपणा आकाशाचा नाहीं, पाटाचा आहे. ओझरच्या बंधाऱ्यापासून निघणारे कालवे आणि भंडारदऱ्याचें २७० फूट उंचीचें धरण यांनीं हा मुलूख घडविला. त्या धरणाचें उद्घाटन मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनीं १० डिसेंबर १९२६ रोजीं केलें. त्या पाण्यावर ऊस आला आणि १९५० मध्यें जवळच लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानें सहकारी साखर कारखाना उभा राहिला.

परंतु पाटाचें पाणी हें मोजून मिळणारें पाणी आहे. आवर्तन केव्हां सुटणार, चारीला पाणी किती दिवस राहणार, ह्यावर येथील घरांचें वर्षाचें गणित बसतें. वरच्या धरणांतून जायकवाडीस पाणी सोडण्याचा वाद न्यायालयापर्यंत गेला. ज्या निळवंडे प्रकल्पास १९७० मध्यें मंजुरी मिळाली, त्याच्या डाव्या कालव्याचें लोकार्पण ऑक्टोबर २०२३ मध्यें झालें. मधल्या अर्धशतकांत कोरडवाहू गांवांतील एक अख्खी पिढी पाण्याची वाट पाहत म्हातारी झाली. अशा जिल्ह्यांत शोभेच्या हिरवळीवर नळ सोडणें ही निरुपद्रवी हौस म्हणतां येत नाहीं.

येथेंच कृत्रिम गवताचा पूर्वपक्ष उभा राहतो, आणि तो दुबळा नाहीं. हिशेब करून पाहावा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कडक उन्हाळ्यांत हिरवळ हिरवी राखावयाची तर तिला दररोज पांच-सहा मिलिमीटर पाणी लागतें. एक गुंठा म्हणजे सुमारें १०१ चौरस मीटर. तेव्हां एका गुंठ्याच्या हिरवळीस रोज ५०० ते ६०० लिटर पाणी झालें. २०१९ मध्यें सुरू झालेल्या जलजीवन मिशनानें खेड्यांतील माणसासाठीं रोजचें प्रमाण ५५ लिटर धरिलें आहे. म्हणजे एका घराची शोभा नऊ-दहा माणसांचें पाणी पिते. कृत्रिम गवत हें पाणी वांचवितें. त्याला कापणें नाहीं, खत नाहीं, औषध नाहीं. पावसाळ्यांत चिखल घरांत येत नाहीं. वृद्धांस त्यावरून निर्धास्त फिरतां येतें. गच्चीवर किंवा सज्ज्यांत, जेथें मातीचा भारही नको व ऊनही पुरतें नाहीं, तेथें तर खरें गवत लावणें हाच हट्ट होय.

ह्या वस्तूचा जन्मही अशाच अडचणींतून झाला. अमेरिकेंत शहरांतील मुलांस खेळावयास मऊ जागा मिळावी ह्या विचारांतून मॉन्सॅंटो कंपनीच्या एका शाखेनें नायलॉनचें गवत सिद्ध केलें व १९६४ मध्यें प्रॉव्हिडन्स येथील एका शाळेंत तें अंथरलें. पुढल्या वर्षीं ह्यूस्टन येथें छप्पर असलेलें प्रचंड क्रीडागृह उघडलें. छपराच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या तिरिपीनें खेळाडूंस चेंडू दिसेना, म्हणून तावदानें रंगविलीं; तेव्हां प्रकाशाअभावीं गवत मेलें; मेलेल्या गवतास हिरवा रंग देऊन तो हंगाम कसाबसा पार पाडला, आणि १९६६ मध्यें तेथें कृत्रिम गवत आलें. ‘अ‍ॅस्ट्रोटर्फ’ हें नांव त्याच क्रीडागृहावरून पडलें. हिंदुस्थानास ह्या गवताची ओळख कडू रीतीनें झाली. १९७५ मध्यें नैसर्गिक गवतावर विश्वचषक जिंकणारा आमचा हॉकी संघ १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्यें कृत्रिम मैदानावर सातव्या क्रमांकास गेला. आमच्या मुलांचा खेळ मातीवर घडलेला, आणि मैदान मात्र श्रीमंत देशांचें. पराभवाचीं कारणें अनेक असतात. पण त्यांतील हें एक होतें, यांत संशय नाहीं.

आतां उत्तरपक्ष. पहिला आक्षेप उष्णतेचा. जिवंत गवत पाण्याची वाफ सोडून स्वतःस व भोंवतालच्या हवेस थंड राखतें. प्लास्टिकला ती विद्या नाहीं, तें केवळ तापतें. अमेरिकेंतील युटा राज्यांत २००२ मध्यें घेतलेल्या मोजणींत, हवेचें तपमान सुमारें ३७ अंश असतां, अशा मैदानाचा पृष्ठभाग ९३ अंशांपर्यंत गेलेला आढळला. आमच्याकडे चैत्र-वैशाखांत पारा चाळिशी ओलांडतो. ज्या अंगणांत मूल अनवाणी उतरूं शकत नाहीं, आणि उतरावयाचें तर आधीं पाणी शिंपडावें लागतें, तेथें पाण्याची बचत व मुलांचें सुख हे दोन्ही लाभ उन्हाळ्यापुरते तरी लंगडे पडतात. शिवाय आमचा मुलूख धुळीचा. पात्यांत बसलेली धूळ धुण्यासही पाणीच लागतें.

दुसरा आक्षेप मातीचा. हें गवत अंथरण्यापूर्वीं जमीन खरवडून, खडी घालून, दाबून घट्ट करितात. खालीं गांडुळें, मुंग्या, मुळें यांचा जो संसार चालतो तो थांबतो. पालापाचोळा मातींत मिसळत नाहीं. तिसरा आक्षेप शेवटाचा. पातीं एका प्लास्टिकचीं, पाठ दुसऱ्याची, मध्यें डिंकासारखा थर. हीं वेगळीं करून पुन्हा वापरणें अवघड. उन्हानें पातीं ठिसूळ होऊन त्यांचे कण मातींत व पाण्यांत जातात, आणि आठ-दहा वर्षांनीं उरलेला गालिचा गांवाबाहेरच्या उकिरड्यावर पडतो किंवा जाळला जातो. मेलेलें गवत खत होतें. हें मरतही नाहीं व कुजतही नाहीं.

जगांतही ह्या बाबतींत एकमत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. कॅलिफोर्नियानें अवर्षणाच्या काळांत, २०१५ मध्यें, घरमालकांस कृत्रिम गवत लावण्याचा हक्क कायद्यानें दिला, आणि २०२३ मध्यें स्थानिक संस्थांस त्यावर बंदी घालण्याची मोकळीक दिली. ज्या इंग्लंडनें जगाला हिरवळ शिकविली तेथील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनें २०२२ मध्यें आपल्या प्रदर्शनांतून कृत्रिम गवत वर्ज्य केलें. युरोपीय संघानें २०२३ मध्यें मैदानांत पसरावयाच्या प्लास्टिकच्या कणांवर, आठ वर्षांची मुदत देऊन, निर्बंध घातला.

मग निर्णय काय? आमच्या मतें येथें दोन पक्ष मांडण्यांतच चूक होते. पाणी पिणारी विलायती हिरवळ आणि पाणी न पिणारी तिची प्लास्टिकची प्रतिमा ह्या दोहोंपैकीं एक निवडा, असें आम्हांस सांगितलें जातें. परंतु दोहोंच्या मुळाशीं हट्ट एकच आहे : अंगण बारा महिने, सारख्या उंचीचें, एकाच रंगाचें दिसलें पाहिजे. हा हट्ट ह्या भूमीचा नव्हे. तो सोडला कीं मार्ग मोकळा होतो. गच्ची, सज्जा, फरशीचा चौक येथें कृत्रिम गवत खुशाल वापरावें. तेथें मारावयास माती नाहीं. जेथें जिवंत जमीन आहे तेथें मात्र तें घालूं नये. सावलीस कडुनिंब किंवा बकुळ लावावी, मोरीचें पाणी परसांत वळवावें, थोडी जागा सारवलेली किंवा फरसबंद ठेवावी, आणि उरलेल्या जागेंत हरळी येऊं द्यावी. ती उन्हाळ्यांत पिवळी पडेल, पडूं द्यावी. तिला रोज पाणी घालून जागें ठेवण्याची गरज नाहीं, कारण ती मेलेली नसते. मृगाचा पाऊस पडला कीं आठवड्याच्या आंत ती आपण होऊन उठते.

अलीकडे हिरव्यागार प्लास्टिकच्या अंगणांतून बाहेर पडून गणेशचतुर्थीच्या सकाळीं बाजारांत दूर्वांची जुडी विकत आणणारीं कुटुंबें आम्ही पाहतों. त्यांस हंसण्याचें कारण नाहीं. पाणी वांचवावें ही त्यांची इच्छा प्रामाणिक असते. परंतु त्यांच्या आजीच्या घरीं पाणी याहून कमी होतें, आणि दूर्वा मात्र परसांतच मिळत असत. ती व्यवस्था आजच्या घरांत कितपत बसवितां येईल, ह्याचा विचार गालिचा विकत घेण्यापूर्वीं प्रत्येक कुटुंबानें करावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.