पुगाचे खोरे : ८४ अंशांच्या खाली काय आहे?

१/ पूर्व लडाखमध्ये समुद्रसपाटीपासून सुमारे ४,४०० मीटर उंचीवर पुगा नावाचे खोरे आहे. जमिनीतून उकळते पाणी आणि वाफ उसळते, आसपास गंधक व टाकणखार साचलेला दिसतो.

२/ झऱ्यांचे तापमान मात्र ८४ अंश सेल्सिअसच्या वर फारसे जात नाही. यावरून खालची उष्णता बेताचीच असावी, असा समज होणे स्वाभाविक आहे. पण या उंचीवर हवेचा दाब इतका कमी असतो की पाणी तेवढ्याच तापमानाला उकळते. पृष्ठभागावरच्या तापमापकाला याहून मोठा आकडा दिसणेच शक्य नाही.

३/ एकोणिसाव्या शतकाने झऱ्यांची गणती केली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे थॉमस ओल्डहॅम यांनी जमवलेली यादी त्यांच्या मृत्यूनंतर १८८२ साली पुत्र रिचर्ड यांनी प्रसिद्ध केली. तीत सुमारे ३०० ठिकाणे होती. लोकांना ती नवी नव्हती. मणिकर्ण काय, वज्रेश्वरी काय, ऊन पाण्याचे कुंड म्हणजे तीर्थ. कोकणात तर उन्हवरे हे गावाचेच नाव!

४/ १९०४ साली इटलीतील लार्डेरेल्लो येथे भूगर्भातील वाफेवर पाच दिवे उजळले. भारत सरकारची उष्ण झऱ्यांविषयीची समिती त्यानंतर ६२ वर्षांनी, १९६६ साली नेमली गेली.

५/ १९७० च्या दशकात पुगात ३० हून अधिक छिद्रे घेतली गेली. सर्वांत खोल छिद्रही ४०० मीटरच्या आतच राहिले, तरी तापमान १४० अंशांपर्यंत आढळले. पाण्यातील सिलिका याहून मोठी उष्णता सुचवत होती, कारण पाणी जितके तप्त, तितकी सिलिका त्यात अधिक विरघळते. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने खडकांची विद्युत्‌-वाहकता तपासली आणि खोलवर वीज सहज वाहू देणारा पट्टा असल्याचे दिसले. तो तप्त पाण्याने भरलेला असावा, हा तर्क सबळ आहे, पण तर्कच. शहानिशा करायची तर खोल विहीर हवी.

६/ फेब्रुवारी २०२१ मध्ये ओएनजीसीने त्यासाठी करार केला. ऑगस्ट २०२२ मध्ये खोदकामातील द्रव पुगाच्या ओढ्यात उतरू लागला आणि काम थांबवावे लागले. चांगपा पशुपालकांच्या कळपांचा हा प्रदेश आहे. माझ्या मते हा अपघात यंत्रांइतकाच अपुऱ्या नकाशाचाही आहे.

७/ कारण वीज काढून झाल्यावर ते पाणी पुन्हा जमिनीत सोडावे लागते. त्यात बोरॉनसारखी द्रव्ये असतात. खडकातील कोणती भेग जलाशयाकडे जाते आणि कोणती ओढ्याकडे, हे १८८२ ची यादी सांगत नाही, १९७० च्या दशकातील उथळ छिद्रेही सांगत नाहीत.