वसंतांतील बालगीतें : जपानचीं आणि आपलीं

इ. स. १८८१ हें वर्ष एकमेकांपासून फार दूर असलेल्या दोन प्रदेशांतील मुलांच्या दृष्टीनें संस्मरणीय आहे. त्या वर्षीं जपानच्या शिक्षणखात्यानें प्राथमिक शाळांकरितां गाण्यांचें पहिलें पुस्तक सिद्ध केलें. आणि त्याच वर्षीं महाराष्ट्रांत विनायक कोंडदेव ओक यांनीं ‘बालबोध’ हें मुलांचें मासिक सुरू केलें. दोन्हीकडील हेतु एकच होता. मुलांच्या हातीं त्यांच्यासाठींच लिहिलेलें कांहींतरी द्यावयाचें. परंतु पुढें दोन्हीकडील बालगीतांचे ऋतु मात्र निराळे झाले. जपानी मूल वसंताचें गाणें गात मोठें होतें; मराठी मूल पावसाचें गाणें गात मोठें होतें. हा भेद कसा पडला, हें पाहण्यासारखें आहे.

जपानांत १८७२ सालीं शिक्षणाचा नवा कायदा झाला. त्यांत गायन हा विषय घातलेला होता. पण शिकवावयाचें काय आणि शिकवावयाचें कोणी, हें कोणासच ठाऊक नसल्यानें ‘तूर्त हा विषय वगळावा’ अशी पुस्तीही त्यासच जोडलेली होती. १८७५ सालीं इसावा शूजी हा तरुण अध्यापनशास्त्र शिकण्यासाठीं अमेरिकेंत गेला. इतर विषयांत तो हुशार होता, परंतु पाश्चात्य स्वर त्याच्या गळ्यांतून कांहीं केल्या निघेनात. शेवटीं बोस्टन येथील संगीतशिक्षक लूथर व्हायटिंग मेसन यांच्याकडे त्यानें धडे घेतले. १८७९ सालीं सरकारनें संगीताच्या अभ्यासासाठीं एक स्वतंत्र कचेरी काढून ती इसावाच्या हातीं दिली, आणि पुढच्याच वर्षीं मेसन यांस जपानांत बोलावून घेण्यांत आलें. या गुरुशिष्यांच्या खटपटीचें फळ म्हणजेच १८८१ चें तें पुस्तक होय.

त्या पुस्तकांतील ‘चोचो’, म्हणजे फुलपांखरूं, हें गाणें आजही जपानांत घरोघर ऐकूं येतें. त्याची चाल जर्मनींतील एका बालगीताची. शब्द मात्र जपानांतल्याच एका जुन्या खेळगाण्यावरून बेतलेले. परकी चाल आणि घरचे शब्द अशी ही जोड होती. त्यांत मोहरीसारख्या रोपाचीं पानें आहेत, चेरीचीं फुलें आहेत, आणि मूळ पाठांत राज्याच्या भरभराटीचा एक उल्लेखही होता. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ सालीं, हा उल्लेख काढून टाकण्यांत आला आणि फुलपांखरूं तेवढें उरलें. मुलाच्या तोंडीं घातलेले शब्द मोठ्यांच्या जगाबरोबर कसे बदलतात, याचें हें लहानसें परंतु बोलकें उदाहरण आहे.

१९१० ते १९१४ या काळांत शिक्षणखात्यानें स्वतःचीं नवीं गाणीं करवून घेतलीं. ‘हारु गा किता’ म्हणजे ‘वसंत आला’, आणि ‘हारु नो ओगावा’ म्हणजे ‘वसंतांतील ओढा’, हीं त्यांपैकीं विशेष प्रसिद्ध आहेत. पुस्तकांत कवीचें वा संगीतकाराचें नांव छापावयाचें नाहीं असा खात्याचा शिरस्ता होता. हीं गाणीं ताकानो तात्सुयुकी यांनीं लिहिलीं आणि ओकानो तेईची यांनीं त्यांस चाली दिल्या, असें मागाहून मानलें जाऊं लागलें. ओढ्याच्या गाण्यांत ओढा कांठावरील फुलांशीं आणि पाण्यांतील चिमुकल्या माशांशीं हळूच बोलतो, एवढाच विषय आहे. त्यांत उपदेश नाहीं, तात्पर्य नाहीं. १९१२ च्या मूळ गाण्याची भाषा ग्रांथिक होती. १९४२ सालीं तें खालच्या इयत्तेंतील मुलांसाठीं घेतलें गेलें, तेव्हां तीं मुलें अद्याप ग्रांथिक भाषा शिकलेलीं नसल्यामुळें क्रियापदें बदलून बोलभाषेचीं करण्यांत आलीं.

शाळेच्या या गाण्यांवर एक आक्षेप होता. तीं मोठ्यांनीं मुलांसाठीं ठरवून दिलेलीं गाणीं आहेत. मुलाच्या मनांतून उमललेलीं नाहींत, असें कित्येक साहित्यिकांस वाटे. १९१८ च्या जुलै महिन्यांत सुझुकी मिएकिची यांनीं ‘अकाइ तोरी’, म्हणजे ‘तांबडा पक्षी’, हें मासिक काढलें आणि कितहारा हाकुशू यांच्यासारख्या श्रेष्ठ कवींकडून मुलांसाठीं कविता लिहवून घेतल्या. या चळवळींतून जें नवें बालगीत जन्मास आलें, त्याचा एक सुंदर नमुना म्हणजे १९२३ चें ‘हारु यो कोइ’. त्याचे कवि सोमा ग्योफू हे हिमवृष्टीच्या प्रदेशांतले. नुकतीच चालूं लागलेली एक मुलगी तांबड्या बंदांच्या चपला घालून अंगणांत जाण्यासाठीं उतावीळ झाली आहे आणि वसंताला ‘लवकर ये’ म्हणून विनवीत आहे, एवढेंच त्यांत आहे. परंतु ज्या घराचें दार कित्येक महिने बर्फानें अडलेलें असतें, त्या घरांतील मुलाला वसंत म्हणजे काय, हें त्यावरून कळतें.

आतां महाराष्ट्राकडे वळूं. ओकांच्या ‘बालबोधां’त चरित्र, कविता, निबंध, शास्त्रीय माहिती असा नेमस्त खुराक असे. १९०६ मध्यें वासुदेव गोविंद आपटे यांनीं ‘आनंद’ मासिक सुरू केलें आणि मराठी मुलांना हंसत खेळत वाचावयास मिळूं लागलें. दत्तात्रय कोंडो घाटे यांनीं अवघ्या चोवीस वर्षांच्या आयुष्यांत मुलांसाठीं कोमल कविता लिहिल्या. १८९९ सालीं ते वारले. त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांस १९०७ च्या जळगांव कविसंमेलनांत ‘बालकवि’ ही पदवी मिळाली. ५ मे १९१८ रोजीं भादली स्टेशनाजवळ आगगाडीखालीं सांपडून त्यांचा अंत झाला. ‘तांबडा पक्षी’ निघावयास तेव्हां दोन महिनेच उरले होते. निसर्ग आणि बालमन यांची गांठ घालूं पाहणारा आपला कवि गेला आणि तिकडे त्याच कार्यासाठीं एक मासिक उभें राहिलें.

याच बालकवींची शाळाशाळांतून सर्वांत अधिक म्हटली गेलेली कविता कोणती, तर श्रावणाची. त्यांच्याही पूर्वीपासून मुलांच्या तोंडीं असलेलें गाणें पावसाला पैशाचें आमिष दाखविणारें. त्यानंतर कित्येक वर्षांनीं मंगेश पाडगांवकरांनीं भोलानाथाला जे प्रश्न विचारावयास लाविले, त्यांतला पहिला प्रश्नही पावसाचाच आणि शाळेच्या सुटीचा. मुलींचे फेर आणि खेळ पाहावे, तर मंगळागौर श्रावणांतली आणि भोंडला आश्विनांतला. मराठी बालगीताचें वर्ष जणूं मृगांत उजाडतें आणि दसऱ्याला मावळतें.

याचें एक कारण हवेंत आहे, आणि दुसरें शाळेच्या दिनदर्शिकेंत. जपानांत वसंत म्हणजे थंडीच्या तुरुंगांतून सुटका. आपणांकडे ती सुटका पाऊस करितो. शिवाय जपानी शाळेचें वर्ष एप्रिलमध्यें, चेरी फुलण्याच्या सुमारास सुरू होतें. नवें दप्तर, नवे गुरुजी आणि नवें फूल हीं तेथें एकदमच येतात. महाराष्ट्रांत शाळेचें वर्ष पिढ्यान्‌पिढ्या जूनमध्यें सुरू होत आलेलें आहे. चैत्र म्हणजे परीक्षेचा महिना आणि वैशाख म्हणजे सुटीचा. ज्या ऋतूंत वर्गच भरत नाहीं, त्या ऋतूचें गाणें क्रमिक पुस्तकांत कसें येणार? सुटीचें म्हणून जें गाणें मराठी मुलांनीं आपलेंसें केलें, तें ग. दि. माडगूळकरांचें मामाच्या गांवाला जाणाऱ्या आगगाडीचें. आपलें खरें वसंतगीत कदाचित् तेंच असेल. मात्र त्यांत वसंताचें नांव नाहीं.

पुणें जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यांतील ओतूर गांवाचें उदाहरण घ्यावें. माळशेज घाटाच्या वाटेवर, मांडवी नदीच्या कांठीं हें गांव वसलेलें आहे. तेथील कपर्दिकेश्वराची यात्रा भरते ती श्रावणी सोमवारीं, आणि त्या दिवशीं देवापुढें तांदळाच्या पिंडी रचतात. गांवाचा उत्सव पावसाशीं असा बांधलेला आहे. परंतु म्हणून त्या मुलखांत वसंत येत नाहीं असें थोडेंच आहे! डोंगराच्या उतारावर पळस पेटतो, बांधावर पांगारा फुलतो, आंब्याच्या मोहोराच्या जागीं कैऱ्या लोंबूं लागतात, शेतांत कांदा काढण्याची घाई उडते आणि भर दुपारीं कोकिळेचा स्वर ऐकूं येतो. मुलें हें सारें पाहतात. गाण्याचे शब्द मात्र त्यांस कोणी दिलेले नसतात.

घराघरांत वसंताचा सोहळा आहे, हेंही विसरतां येत नाहीं. चैत्र शुद्ध तृतीयेस गौर झोपाळ्यावर बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. अंगणांत चैत्रांगण रेखाटतात. पायऱ्यापायऱ्यांची आरास मांडून हळदीकुंकवास आलेल्या बायकांना आंब्याची डाळ, कैरीचें पन्हें आणि भिजविलेले हरभरे देतात. जपानांत ३ मार्च रोजीं मुलींचा बाहुल्यांचा सण असतो. त्यांतही तांबड्या वस्त्रानें झांकलेल्या पायऱ्यांवर राजाराणी आणि त्यांचा परिवार मांडतात, जवळ पीचचीं फुलें ठेवितात. दोन्ही सणांचें हें साम्य मोठें मनोरम आहे. भेद इतकाच, कीं बाहुल्यांच्या सणाला १९३६ पासून स्वतःचें असें एक बालगीत आहे, आणि तें त्या दिवशीं लहानथोर सर्वांच्या तोंडीं असतें. चैत्रगौरीपुढें गाणीं होतात तीं बायकांचीं. मुलें आपलीं डाळीच्या वाटीकडे डोळे लावून बसलेलीं असतात.

जपानी वसंतगीतें मराठी कानाला परकीं वाटण्याचें मात्र कारण नाहीं. ‘हारु नो ओगावा’ची चाल मध्यम आणि निषाद वर्ज्य करून बांधलेली आहे, सा, रे, ग, प, ध हेच तिचे पांच स्वर. आपल्या भूप रागाचेही हेच स्वर होत. चेरीच्या फुलांचें ‘साकुरा’ हें जुनें गाणें निराळ्या पंचस्वरी सप्तकांतलें आहे. त्याचे स्वर कोमल ऋषभ आणि कोमल धैवत घेणाऱ्या गुणक्रीच्या स्वरांशीं जुळतात. हें गाणें १८८८ सालीं टोकियोच्या संगीतशाळेनें काढलेल्या कोतो या तंतुवाद्याच्या धड्यांच्या पुस्तकांत छापलेलें आढळतें. घरीं पेटी असेल, तर हीं गाणीं मुलांना वाजवून दाखवितां येतील. शब्द न कळले तरी ओढ्याचा झुळझुळाट भूपांतून कळतो.

या इतिहासाला एक काळी बाजूही आहे. १९४१ सालीं जपानी प्राथमिक शाळांना ‘राष्ट्रीय शाळा’ असें नांव मिळालें आणि गाण्यांच्या पुस्तकांत सैनिकांना व युद्धाला जागा झाली. फुलपांखराच्या हातीं निशाण देणारें सरकार तें निशाण तरवारींतही बदलूं शकतें. पण युद्ध संपल्यावर तीं गाणीं गेलीं, आणि ओढा, चेरी, वसंताचें आगमन हीं राहिलीं. आजही जपानच्या प्राथमिक शाळांत दुसऱ्या इयत्तेला ‘हारु गा किता’, तिसरीला ‘हारु नो ओगावा’ आणि चौथीला ‘साकुरा’ नेमलेलीं आहेत.

ज्या ओढ्यावरून तें गाणें सुचलें असें सांगतात, तो टोकियोंतील योयोगी भागांतला कोहोने नांवाचा ओढा होता. १९६४ च्या ऑलिंपिक सामन्यांच्या सुमारास शहर वाढतांना तो झांकून टाकण्यांत आला. आज त्याच्यावरून रस्ता जातो आणि जवळ गाण्याच्या स्मरणार्थ एक शिला उभी आहे. तेथें फुलेंही नाहींत, मासेही नाहींत. परंतु लक्षावधि मुलांना तो ओढा ठाऊक आहे.

आपल्याकडील ओढे, पळस आणि आमराया अद्याप सगळ्या नाहींशा झालेल्या नाहींत. त्या आहेत तोंवरच त्यांचीं गाणीं झालेलीं बरीं. त्यासाठीं खात्याच्या हुकुमाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. यंदा चैत्रगौर झोपाळ्यावर बसेल, त्या संध्याकाळीं घरांतील वडीलधाऱ्यांनीं कैरी, कोकिळा, झोपाळा आणि पन्हें हे मुलांच्या नित्याच्या बोलण्यांतले चार शब्द घेऊन भूपाच्या पांच स्वरांत बसवून पाहावे. पहिलें कडवें मोठ्यांनीं जुळवावें. दुसरें मुलेंच जुळवितील.